सुपारी फोडायच्या आधी

पत्र: "ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय 26. बेळगावात एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. तो 29 वर्षांचा, चिकोडीकडचा, उद्यमबागेत कारखान्यात नोकरीला आहे. मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली, त्याला आता दहा महिने होतील. आम्ही मराठा, ते लिंगायत. त्यांच्या घरी कन्नड बोलतात, अंडंसुद्धा शिजत नाही. त्याचे वडील वारले आहेत. आई आहे, आणि चुलत्यांचं एकत्र घर. दोन्हीकडे सांगून झालंय. कुणी 'नाही' म्हणत नाही, पण मोकळेपणानं 'हो'ही म्हणत नाही. पुढच्या महिन्यात ते मला बघायला येणार आहेत. बाबा म्हणतात, लांबण कशाला लावायची, त्याच दिवशी सुपारी फोडून मोकळं होऊ. घाईत काहीतरी राहून जाईल आणि पुढं सोयरीक मोडेल अशी भीती वाटते. साखरपुड्यापर्यंत हे नीट कसं न्यावं? आणि एक साधी गोष्ट, त्याच्या आईला मी काय म्हणू? मला कन्नड कामापुरतंच येतं."

तुझी भीती रास्त आहे आणि बाबांची घाईही समजण्यासारखी आहे. खेड्यात मुलीचं नाव एकदा कुणाबरोबर जोडलं गेलं की बापाला वाटतं, चार लोक बोलायच्या आत गाठ पक्की व्हावी. तरीही पहिल्याच दिवशी सुपारी फोडू देऊ नकोस. पहिल्या दिवशी सगळे संकोचात असतात. मनात नसलेल्या गोष्टीलाही "चालतंय की" म्हणून जातात. हेच "चालतंय" पुढं कार्यालय ठरवायच्या वेळी नाहीतर पत्रिका छापायच्या वेळी वर येतं, आणि तोवर सुपारी फुटलेली असल्यामुळे बोलणाऱ्यालाच वाईट ठरवतात. निदान तीन भेटी हव्यात. एकदा त्यांनी तुमच्याकडे यावं, एकदा तुम्ही त्यांचं घर बघायला जावं, आणि तिसरी भेट फक्त बोलणीची. मध्ये आठ-पंधरा दिवसांचं अंतर राहू दे, म्हणजे घरी परत जाऊन माणसांना आपसात बोलता येतं.

या तिन्हींच्या आधी तुम्हा दोघांची बोलणी पुरी व्हायला हवीत. दहा महिन्यांत खूप बोलला असाल. पण ज्यावर लग्नं अडतात ते विषय प्रेमात बहुतेक राहून जातात. लग्नानंतर राहायचं कुठं, हे पहिलं. तो उद्यमबागेत, तू लॅबमध्ये, म्हणजे अनगोळ-वडगावकडे भाड्यानं खोली घेणं सोयीचं. पण त्याच्या आईनं गृहीत धरलंय का की सून चिकोडीला राहील आणि मुलगा शनिवारी येईल? त्याला स्पष्ट विचार. दुसरं, कर्ज. त्याच्या नावावर सोसायटीचं काही कर्ज आहे का, आणि तो कुणाला जामीन आहे का? आपल्या भागात पतसंस्था आणि सौहार्द संस्था गल्लोगल्ली आहेत, मित्राच्या कर्जावर सही करणं फार सोपं झालंय. जामीनदाराला नोटीस आली की ती बायकोच्या संसारातही येते. तूही तुझा पगार, बचत, घरी देतेस ती रक्कम सांग. तिसरं, शेत. वडिलांच्या माघारी वारसनोंद झाली आहे की सगळं अजून चुलत्यांच्या हातात आहे? उतारा, म्हणजे कर्नाटकातली पहाणी, सर्व्हे नंबर माहीत असेल तर 'भूमी' या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. हे विचारण्यात लोभ नाही. एकत्र घरात निर्णय कुणाचा चालतो ते यातून कळतं, आणि बोलणीला कुणाला बोलवायचं तेही.

आता खाण्याचं. तू पत्रात ते एका ओळीत सांगितलंस, पण भाषेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. भाषा तर सीमाभागातली माणसं बाजारात, बसमध्ये, कोर्टात रोज दोन-दोन बोलतात. ताटाचं तसं नाही. तुमच्याकडे गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला बकरं पडतं, पाहुण्यांना मटणाचं जेवण असतं. त्या दिवशी जावई कुठं बसणार? तुला माहेरी आल्यावर खायचं असेल तर त्याची हरकत आहे का? बेळगावच्या खोलीत अंडं आणायचं की नाही? आणि मूल झाल्यावर? या चारही प्रश्नांची उत्तरं दोघांनी एकमेकांना स्पष्ट द्या. "बघू नंतर" असं आलं तर ते उत्तर नाही, पुन्हा विचारा. ठरेल ते तुझ्या आईला तू सांग आणि त्याच्या आईला त्यानं सांगावं. हे दुसऱ्यानं सांगू नये. त्याच्या आईला सून मटण खाते ही गोष्ट मध्यस्थाकडून कळली तर ती कधीच विसरणार नाही. मुलानं समोर बसून सांगितली तर वाईट वाटलं तरी पचेल.

तू लॅबमध्ये आहेस, म्हणून तपासणीबद्दल तुला फार सांगायला नको. दोघांचीही थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून मुलात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या. साध्या रक्तगणनेत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली दिसला तर एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार बघावाच लागतो. तो 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर माणूस वाहक समजतात. एकच वाहक असेल तर काळजी नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि मग लग्नाआधीच डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं. जोडीला एचआयव्ही आणि रक्तगट. हे सगळं बघण्याच्या कार्यक्रमाआधी उरकावं आणि अहवाल दोघांनी एकाच दिवशी एकमेकांना दाखवावेत. तुझ्याच लॅबमध्ये करू नकोस, सहकाऱ्यांच्या तोंडी तुमचं नाव जायला नको.

पत्रिका बघायची की नाही हे दोन्ही घरांनी सुरुवातीलाच ठरवावं. बघायची तर एकाच ज्योतिषाकडे, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाआधी. 36 गुणांपैकी 18 जुळले की चालतं असा रिवाज आहे. त्यात एकट्या नाडीचे 8 आणि भकूटाचे 7, त्यामुळे नाडी एक आली की आकडा झटकन खाली येतो. होतं असं की पत्रिका कुणी बघत नाही, सगळं ठरतं, आणि मग ज्याच्या मनात नाही तो मामा-काका एक दिवस कुठूनतरी पत्रिका दाखवून आणतो. आधी बघितली असेल किंवा "आम्ही बघत नाही" असं दोन्हीकडच्या थोरांनी म्हणून टाकलं असेल, तर ही वाट बंद होते.

बघायला येतील त्या दिवशी त्यांच्याकडून सात-आठ माणसं पुरेत. चिकोडीकडून तुमच्या गावापर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर, रस्त्यात अडीच-तीन तास जातात. म्हणून अकराची वेळ द्या, सकाळी नऊची नको. नाश्त्याला उप्पीट आणि शिरा करा, दोन्ही घरांतला ओळखीचा पदार्थ. पंधरा माणसांना एक किलो रवा पुरतो. जेवणाचा आग्रह पहिल्या दिवशी करू नका. ज्या घरात मटण शिजतं तिथल्या भांड्यात जेवावं की नाही, असा पेच त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला पडू शकतो, आणि ती उपाशी राहिली तर तुझ्या आईला तो अपमान वाटेल. चहा, उप्पीट, आणि निघताना हातात बेळगावचा कुंदा, एवढ्यावर दिवस गोड होतो.

तुझ्या आईला कन्नड येत नसेल, त्याच्या आईला मराठी तोडकंच येत असेल, तर दोन्ही भाषा नीट येणारं एक माणूस मध्ये बसवा, शक्यतो बाई, आणि शक्यतो तुमच्या भावकीतली नाही आणि त्यांच्याही नाही. निपाणी-संकेश्वराकडे दिलेली ओळखीची एखादी बाई सापडेलच. त्या बाईला एक नियम घालून दे: नाव, आकडा आणि तारीख या तीन गोष्टी आल्या की दोन्ही भाषांत पुन्हा म्हणायच्या. सगळ्यात जास्त गोंधळ शब्द सारखे वाटतात तिथं होतो. कन्नडात हुंड्यालाच 'वरदक्षिणे' म्हणतात. मराठी कानाला ते ब्राह्मणाच्या दक्षिणेसारखं, पाच-पन्नास रुपयांचं वाटतं, आणि तुझे बाबा सहज मान डोलावतील. मान डोलावली म्हणजे मान्य झालं. साखरपुड्याला तिकडे 'निश्चितार्थ' म्हणतात, ओटी भरण्याला 'उडी तुंबोदु', व्याह्यांना 'बीगरु'. एवढे शब्द घरात सगळ्यांना माहीत असू देत.

आणि सीमाप्रश्न त्या खोलीत येऊ नये. बाबा किंवा काका चळवळीतले असतील तर त्यांना आदल्या दिवशी प्रेमानं सांगून ठेव. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तुमच्या ओसरीवर सुटणार नाही, पण सोयरीक मात्र तिथं बिघडू शकते.

तुम्ही त्यांचं घर बघायला जाल तेव्हा आईला नक्की ने. पुरुष शेत आणि गोठा बघून येतात, बाई चूल, मोरी आणि पाण्याची सोय बघते. परतताना तिला मोजकंच विचार: तिथं राहावं लागलं तर काय जड जाईल? ते ऐकून घे, मग तिसऱ्या भेटीची तारीख ठरवा.

तिसरी भेट म्हणजे याद, ठरेल ते कागदावर लिहून घेण्याची बैठक. इथं वेळ काढा, दुपार गेली तरी चालेल. दोन्हीकडची चार-चार माणसं बसावीत, त्यांच्याकडून निर्णय घेणारा चुलता आणि त्याची आई, दोघंही हवेत. वहीच्या कागदावर लिहायला घ्या. लग्न कुठं होणार, कार्यालयाचं भाडं कोण भरणार, जेवण कुणाचं, दोन्हीकडची माणसं किती. माणसांचा आकडा मोघम ठेवू नका. "आमची दोनशे-अडीचशे" म्हणणाऱ्याकडून चारशे येतात, आणि वाढीव ताटांचे पैसे कुणी द्यायचे यावरून जेवण उरकायच्या आत तोंडं फिरतात. ठरल्या आकड्याच्या वरचा खर्च ज्याच्या माणसांचा त्यानं द्यायचा, असं एक वाक्य यादेत टाका. विधी कुणाच्या पद्धतीनं, हेही लिहा. तुमच्याकडे भटजी आणि मंगलाष्टकं, त्यांच्याकडे जंगम स्वामी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वीरशैव आणि लिंगायतांचा नावानं उल्लेख आहे, आणि दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीनं लागलेलं लग्न चालतं. त्यामुळे विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस देण्याचं तुम्हाला कारण नाही. लग्न लागल्यावर उपनिबंधक कार्यालयात नोंद करून घेतली की झालं. दोन्ही पद्धती करायच्या तर कोणती आधी आणि प्रत्येकाला किती वेळ, ते भटजी आणि स्वामी दोघांनाही आधी विचारून घ्या. मुहूर्त गाठायच्या गडबडीत दुसऱ्याचा विधी गुंडाळला गेला तर त्या घराला ते फार लागतं.

देण्याघेण्याचं. मागणी आली, रोख असो, गाडी असो, की "मुलीला तुम्ही इतके तोळे घालालच" अशी आडून आलेली असो, तिथंच थांबा. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. म्हणजे मुलीचा बाप "हौसेनं दिलं" म्हणून सुटत नाही. शिवाय यादेत लिहून मागितलेलं एकदा दिलं की दिवाळसणाला, पहिल्या बाळंतपणाला नवी मागणी येते. तुम्हाला मनानं जे द्यायचं असेल ते लग्नावेळी भेटवस्तूंच्या यादीत लिहून दोघांनी सह्या करा. तशी यादी ठेवण्याचे 1985 चे नियमच आहेत. याद मात्र खर्चाच्या वाटणीची असू दे. मराठीत एक, कन्नडात एक, दोन्हींवर दोन्हीकडच्या सह्या, आणि एकेक प्रत दोन्ही घरी. मग सुपारी फोडा.

तारीख शेवटी काढा. चिकोडीकडे ऊसतोड सुरू असली की घरचे पुरुष ट्रॅक्टरच्या पाळीला अडकलेले असतात, आणि खानापूरकडे जुलैत भाताच्या लावणीला कुणी मोकळं नसतं. लग्नाची तिथी डोळ्यांपुढं ठेवून मागं या: आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा काळ आणि पौष तुमच्याकडे धरणार नाहीत. त्यांच्याकडचे कोणते दिवस वर्ज्य आहेत ते विचारून घ्या. 1 नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी एका घरात काळा दिन असतो आणि दुसऱ्या घरात राज्योत्सव, शिवाय बेळगावात मिरवणुकीमुळे गाड्या निघत नाहीत. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरातल्या लॉजमध्ये पाहुण्यांना खोल्या मिळणं कठीण. साखरपुडा आणि लग्न यात दोन-तीन महिने पुरेत. सहा महिन्यांच्या वर गेलं की सण येतात, प्रत्येक सणाला देणंघेणं येतं, आणि प्रत्येक देण्याघेण्यात कुणीतरी रुसतं.

साखरपुड्याची तयारी सोपी आहे, पण दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली अंगठी. माप सकाळी थंडीत दिलं तर दुपारी मांडवात, उकाड्यानं सुजलेल्या बोटाच्या गाठीवरून अंगठी सरकत नाही, आणि सगळ्यांच्या देखत तो जोर लावत बसतो. माप दुपारनंतर दे, दुकानातल्या मापाच्या कड्या घालून, गाठीवरून जरा अडकून जाईल आणि निघताना ओढावी लागेल अशी. साधी कडी पुढं एखाद्या मापानं वाढवता येते, सगळीकडून खडे असलेली येत नाही. 22 कॅरेटच्या अंगठीवर 916 चा हॉलमार्क शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय विकायला परवानगी नाही. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून दुकानातच बघ. ऑर्डर तीन आठवडे आधी द्या.

दुसरी गोष्ट ओटीची, आणि इथं जरा थांबून वाच. दोन्ही घरांत ओटी भरतात, दोन्हीकडे पाच सवाष्णी लागतात, त्यांच्या भाषेत मुत्तैदी. ताटात तुमच्याकडे तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. त्यांच्याकडे तांदळाबरोबर विड्याची पानं, केळी आणि सुक्या खोबऱ्याची वाटी. दोन्ही ताटं एकत्र मांडा, वेगळी ठेवायची गरजच नाही. खण गुळेदगुड्डचा घ्या आणि साडी इरकली. हा पोत दोन्ही घरच्या आज्यांच्या पेटीत असतो, त्यावरून कुणी वाद घालणार नाही. प्रश्न त्याच्या आईचा आहे. ती विधवा आहे, म्हणून ऐन वेळी तिला मागं बसवतील आणि चुलती पुढं होऊन तुझी ओटी भरेल. ज्या बाईनं त्याला वाढवलं ती आपल्याच मुलाच्या साखरपुड्यात भिंतीला टेकून बघत राहील. हे होऊ देऊ नका. चिकोडीपासून फार लांब नाही त्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, म्हणजे आपल्या भागाला हे नवं नाही. त्यानं आधी आईशी आणि चुलतीशी बोलावं. तिला स्वतःला धाडस होत नसेल तर ओढून पुढं आणू नका, तेही दुखवणंच आहे. पण साखरेचा पुडा तुझ्या हातात तिनंच द्यावा आणि पहिली साडी तिनंच तुझ्या खांद्यावर ठेवावी, असं यादेच्या दिवशीच ठरवून घ्या. भटजी किंवा स्वामींना आधी कल्पना द्या, म्हणजे भर कार्यक्रमात कुणी "सवाष्ण बोलवा" म्हणणार नाही.

जेवणाला आचारी शाकाहारी स्वयंपाकाचा आणि त्याचीच भांडी. पुरणपोळी करा, त्यांची होळगी तीच. 80 माणसांना साडेतीन किलो हरभऱ्याची डाळ लागेल, किलोला मध्यम आकाराच्या 35 ते 40 पोळ्या होतात. पत्रिका छापाल तेव्हा एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड ठेवा. मराठी बाजूवर 'बेळगाव' आणि कन्नड बाजूवर 'बेळगावी' लिहिलं की कुणाचं काही अडत नाही. तिकडची नावं तिकडच्याच माणसाकडून तपासून घ्या.

आता तुझा शेवटचा प्रश्न. एकदम 'आई' म्हणू नकोस. उत्तर कर्नाटकातल्या पुष्कळ कन्नड घरांत 'आयी' म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईला होणाऱ्या सुनेनं पहिल्याच दिवशी आजी म्हटल्यासारखं होईल. तो तिला काय म्हणतो ते विचार. बहुधा 'अव्वा' असेल, नाते म्हणून 'अत्ती' चालतं. पण तिला कोणतं ऐकायला आवडेल ते त्यानं तिलाच विचारून तुला सांगावं. तोवर दारात आली की हात जोडून "बर्री, कूडरी" म्हण, आणि चहा देताना "चहा कुडीरी". शेवटचा 'री' विसरू नकोस, आपल्या 'या, बसा'मधला मान त्या एका अक्षरात आहे.